मगदूम सरांचा मोडलेला शाफ्ट

मगदूम सर गेले तेव्हा सांगलीत त्यांच्यासाठी एक छोटी शोकसभा झाली. पन्नास-साठ माणसं असतील. बरेचसे वर्कशॉपवाले, दोन-चार कारखान्यांतले इंजिनिअर, बाकी त्यांचे जुने विद्यार्थी. सगळे चांगलंच बोलले. शेवटी एक निवृत्त प्राध्यापक उभे राहिले आणि म्हणाले, "सरांनी आयुष्यात शेकड्यानं शाफ्ट डिझाइन केले. त्यातला एकच चुकला. एवढं तर देवही माफ करील." लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. तसा मी तोंडाचा फटकळ माणूस. साताऱ्याला माझ्या शेडमध्ये मी ओरडलो की दोन प्लॉट पलीकडचा लेथवाला मशीन बंद करून बघतो. पण त्या हॉलमध्ये माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तो शाफ्ट सरांचा चुकला नव्हता. सरांच्या घरचं कुणी आलं नव्हतं, त्यामुळं तिथं जमलेल्यांत हे फक्त मला माहीत होतं.

घरी आल्यावर दोन दिवस मी सगळ्यांवर खेकसत होतो. बायको म्हणाली, "जे तिथं बोलायचं होतं ते इथं कशाला बोलताय?" तिला काही सांगितलेलं नव्हतं, तरी तिला कळलं. म्हणून लिहायला बसलोय. लिहिणं माझं काम नाही. पण सर कसे होते हे आधी सांगितल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

आदगोंडा नेमगोंडा मगदूम. सांगलीजवळच्या एका गावातलं जैन शेतकऱ्याचं घर. घरात शिकलेले हे पहिलेच. एका तंत्रनिकेतनात तीसेक वर्षं मशीन डिझाइन शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर विश्रामबागेतल्या घराच्या व्हरांड्यात एक टेबल टाकून बसले. उंच, सडपातळ, पांढरा हाफ शर्ट, पायात रबरी चपला. शिकवताना पुस्तकातली मराठी बोलायचे. जीव लावला की, किंवा चिडले की, गावाकडची भाषा बाहेर यायची. त्यामुळं सर आपल्याशी गावाकडचं बोलायला लागले की आनंद मानावा की घाबरावं ते कळायचं नाही.

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेलो तो एका पंपाचा मोडका शाफ्ट घेऊन. गिऱ्हाइकाचा शाफ्ट, म्हणजे पंप फिरवणारा लोखंडी दांडा, तिसऱ्यांदा मोडला होता, आणि दर वेळी मी तो आधीपेक्षा जाड करून दिला होता. मी टेबलावर ड्रॉइंग पसरलं. सरांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मोडका तुकडा घेऊन अंगणात गेले, उन्हात धरला, भिंग लावलं आणि तुटलेल्या तोंडाकडं बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "हा मोडला न्हाई माने. हा दमला."

मला आधी राग आला. मी साताऱ्याहून एवढा लांब आलो ते असली कवितेसारखी वाक्यं ऐकायला नाही. पण त्यांनी मला शेजारी बसवलं आणि त्या तोंडावर दाखवलं. एका कडेला बारीक गुळगुळीत अर्धवर्तुळं होती, आत आत मोठी होत गेलेली, आणि पलीकडं खडबडीत. "चीर इथनं सुरू झाली. रोज थोडी थोडी आत गेली. शेवटी उरलं एवढंसं, ते मात्र एकदम तुटलं." मग समजावलं. भार वरनं दाबतो, म्हणून शाफ्ट जरा वाकतो. पण तो फिरतोय. आत्ता जी बाजू वर दबलेली आहे तीच अर्ध्या फेऱ्यात खाली जाऊन ताणली जाते. "मिनिटाला हजार येळा. तुमाला कुणी मिनिटाला हजार येळा उठाबशा काढायला लावल्या तर तुमी काय कराल? आणि त्यातनं मोटर त्याला पिळतीय ती येगळीच." एवढं म्हणून त्यांनी वाळत घातलेला ओला पंचा काढला, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरून पिळायला लागले, आणि पिळता पिळताच म्हणाले, आता खाली वाका. पंच्याचं पाणी माझ्या पँटवर. आतून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ओरडल्या, "आवं, तो आत्ताच धुतलाय."

पीळ आणि बाक दोन्ही एकाच वेळी येतात, एकाचाच हिशेब करणारा नापास, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते मी त्या ओल्या पँटीतच पहिल्यांदा ऐकलं. माझा शाफ्ट जाड करून उपयोग नव्हता, कारण खांद्याशी, म्हणजे जिथं जाड भाग संपून बारीक सुरू होतो तिथं, माझ्या टर्नरनं काटकोनात कोपरा ठेवला होता. चीर तिथूनच निघत होती. सरांनी तिथं गोलाई द्यायला सांगितली आणि व्यास उलट कमी केला. तो शाफ्ट आजही चालतोय.

मग मी त्यांचाच झालो. त्यांच्या व्हरांड्यात रविवारी सकाळी वर्ग भरायचा. फी नाही, हजेरी नाही. येणारे सगळे आमच्यासारखे वर्कशॉपवाले, टर्नर, एखादा नवा इंजिनिअर. नवीन माणूस आला की सर त्याच्या हातात सायकलच्या चाकाचे दोन आरे द्यायचे. एक कोरा, आणि एकावर कानशीनं जेमतेम दिसेल न दिसेल असा ओरखडा. दोन्ही पुढं-मागं वाकवायचे आणि मोजायचं. ओरखडा असलेला बघता बघता तुटायचा. कोरा तुटेपर्यंत माणसाची बोटं दुखून यायची. मग सर नुसते तो ओरखडा दाखवायचे. मी ते आरे वाकवलेत. एकदा नाही, नव्या माणसांना दाखवायला म्हणून चार-पाचदा वाकवलेत. हे मी मुद्दाम लिहितोय.

तयार शाफ्ट ते नखानं तपासायचे. मापं घ्यायला आमच्याकडं सगळी साधनं होती, ती ते नंतर बघायचे. आधी डोळे मिटून उजव्या अंगठ्याचं नख खांद्याच्या गोलाईवरून सावकाश फिरवायचे. नख कुठं अडलं की काम परत. एकदा साताऱ्याला माझ्या शेडमध्ये त्यांनी एकाच दिवसात तीन शाफ्ट परत केले. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "सर, आता काय आरशासारखा करू?" सर डोळे न उघडता म्हणाले, "करा." आणि टर्नर हसला म्हणून मी त्याच्यावर घसरलो.

जाड शाफ्टावर त्यांचा राग. कुणी 'जरा मार्जिन म्हणून' दहा मिलीमीटर वाढवले की म्हणायचे, "ह्यो भित्र्याचा शाफ्ट. ह्याला हिशेब येत न्हाई म्हणून लोखंड जाळतोय." ड्रॉइंगवर सही मात्र त्या दिवशी कधी करायचे नाहीत. हिशेब संपला की कागद बंद. दुसऱ्या दिवशी अंघोळ-पूजा झाली की सगळा हिशेब कोऱ्या कागदावर पहिल्यापासून, आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच खाली 'आ. ने. मगदूम'. घाईची गिऱ्हाइकं वैतागायची. सर म्हणायचे, "काल मी दमलेला होतो, आज ताजा हाय. दोघांचं एकमत होऊ द्या."

सूर्यास्तानंतर ते जेवायचे नाहीत. त्यामुळं साताऱ्याला आले की पाच वाजता आमच्या शेडमध्ये पॅकिंगच्या खोक्यावर वर्तमानपत्र पसरून डबा उघडायचे. बसायच्या आधी खोक्यावर मुंग्या आहेत का बघायचे, आणि असल्या तर कागदाच्या कपट्यावर घेऊन एकेक बाजूला सोडायचे. लेथ चालू, वेल्डिंगच्या ठिणग्या उडताहेत, आणि हा माणूस निवांत मुंग्या हलवतोय. आमचे कामगार त्यांना बघायला चहाची सुट्टी पाचलाच घ्यायचे.

आता आबांचं सांगायला हवं. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळ म्हसवडचे, सिद्धनाथ आमचं कुलदैवत. आबा साताऱ्याला येऊन दुसऱ्याच्या लेथवर राबले, मग एमआयडीसीत स्वतःचं शेड टाकलं. त्यांनी म्हसवडच्या एका कारागिराकडून पोलादी पंच करून आणला होता, त्यावर 'श्री' कोरलेलं. शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कामावर हातोड्यानं तो 'श्री' उमटवायचा आणि मगच टेम्पोत चढवायचं. एकदा कधीतरी एक काम तसंच गेलं आणि त्याच आठवड्यात आमच्या एका माणसाची दोन बोटं गेली. तेव्हापासून आबांनी ही गोष्ट कधी चुकू दिली नाही. आमच्या कामाची ती ओळखही झाली होती. गिऱ्हाईक यायचं तेच म्हणायचं, श्रीवाले माने कुठं बसतात?

सरांनी आमच्या एका शाफ्टच्या मध्यावर तो 'श्री' पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं आता भांडण होणार. सर चिडले नाहीत. आबांच्या शेजारी जाऊन बसले, सिद्धनाथाची चौकशी केली, रथ कधी निघतो, किती लोक येतात, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आबा, श्री मारायला माझी काहीच ना न्हाई. पण देवाला बसवायचं कुठं, तेवढं मला ठरवू द्या." आणि शाफ्टच्या टोकाच्या गोल तोंडावर बोट ठेवलं. "हितं. हितं ना पीळ, ना बाक. देव निवांत बसंल." अंगावर मारला तर तो ओरखडा होतो आणि चीर तिथून निघते, हेही सांगितलं. आबा चौथी शिकलेले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "तुमी म्हणताय ते बरूबर हाय. देवाला बी तरास नको." त्या दिवसापासून आमचा 'श्री' शाफ्टच्या तोंडावर गेला. आबा सरांना घरातलंच मानायला लागले. गणपतीत त्यांच्यासाठी कांदा-लसूण न घातलेला वेगळा स्वयंपाक व्हायचा, तोही दिवस मावळायच्या आत.

आठ वर्षांपूर्वी पाटणच्या बाजूला एका खासगी गूळ कारखान्याचं काम आलं. ऊस चरकात जायच्या आधी त्याचे तुकडे करणाऱ्या सुऱ्या असतात, त्या सुऱ्या ज्याच्यावर बसवतात तो शाफ्ट. वाईट काम. मोटर जोरात पिळतेय, सुऱ्यांचं वजन वाकवतंय, आणि मध्येच उसाची मोठी मोळी आली की दणका बसतोय. सरांनी एसटीनं तीन फेऱ्या मारल्या, कारखान्यात उभं राहून दणके मोजले, आणि महिनाभरानं सही केली. मी केलेल्या कामातला तो सगळ्यात देखणा शाफ्ट. सरांचं नख एकदाही अडलं नाही. दोन्ही खांद्यांवरून हात फिरवून म्हणाले, "माने, ह्यो मी गेल्यावर बी चालंल." असं ते कधी बोलत नसत.

माल पाठवायच्या दिवशी आबा म्हसवडला गेले होते. टेम्पो भरला, दोन्ही टोकं गोणपाटात गुंडाळून तारेनं आवळली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. तेवढ्यात आबांचा फोन. "श्री मारलास न्हवं?" मी विसरलो होतो. आबांशी खोटं बोलवेना. "मारतो," म्हणालो. गोणपाट सोडून परत बांधायला अर्धा तास गेला असता. ड्रायव्हरला मी आधीच उशिरावरून चार शिव्या घातलेल्या. गोणपाटाच्या बाहेर शाफ्ट चांगला उघडा होता, खांदा तिथंच. मी पंच ठेवला आणि दोन घाव घातले. खांद्याच्या गोलाईतच. त्या वेळी माझ्या डोक्यात काय आलं ते मला आजही आठवतं. एवढ्याशा खुणेनं काय होतंय.

गाळप सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात सकाळी फोन आला. शाफ्ट मोडला. सुऱ्या आतल्या आत फिरून सगळं फाटलं, माणसाला लागलं नाही हे नशीब. कारखाना बंद, गेटावर उसाच्या ट्रॉल्या उभ्या. सातारा जवळ म्हणून सरांच्या आधी मी पोचलो. आतला एक तुकडा फिरून फिरून घासला गेला होता, त्याचं तोंड बघून काहीच कळत नव्हतं. दुसरा, टोकाकडचा आखूड, मी उचलून बाहेर उन्हात आणला. सरांनी शिकवल्यासारखंच सगळं दिसत होतं. बारीक अर्धवर्तुळं, एकाबाहेर एक, आणि ती सगळी निघाली होती 'श्री'च्या वेलांटीच्या टोकातून.

आजूबाजूला बघितलं. कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं. मी तो तुकडा टेम्पोत टाकला, "नव्यासाठी माप घ्यायला नेतो" म्हणालो आणि लगेच साताऱ्याला पाठवून दिला. पाठोपाठ फोन करून तो भंगारवाल्याला घालायला लावला.

सर दुपारी आले. पाटणच्या स्टँडवरून कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून. घासलेला तुकडा बघितला आणि पहिला प्रश्न, "ह्याचा जोडीदार कुठाय?" मी सांगितलं, साताऱ्याला गेला. ते म्हणाले, मग साताऱ्याला जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेडच्या दारात. मी म्हणालो, "सर, पोरांनी चुकून भंगारात घातला." पोरं कशाला घालतील? पण सरांनी कधी माझ्या बोलण्यावर शंका घेतली नव्हती. "कुठला भंगारवाला?" एवढंच विचारलं.

आम्ही दोघं तिकडं गेलो. ऊन चढलेलं. लोखंडाचा डोंगर. सत्तरीचा तो माणूस, पांढरा शर्ट मळतोय याची पर्वा न करता, एकेक तुकडा उलटवून बघत होता. मीही शेजारी वाकून उलटवत होतो. शोधण्याचं नाटक करत होतो. दीड-दोन तास. शेवटी भंगारवाला म्हणाला, कालची गाडी गेली, त्यातच गेला असंल. सरांनी हात झटकले, तळहातावर तेल आणि गंज. त्या दिवशी मी त्यांना हात धुवायला पाणी दिलं, टॉवेल दिला, पुढ्यात डबा उघडून दिला. सेवा करत होतो.

कारखान्याच्या मालकानं आठवड्यानं सगळ्यांना बोलावलं. तो दांडगा माणूस, मोठ्यानं बोलायची सवय. "डिझाइन कुणाचं?" सर म्हणाले, "माझं." "मग चूक कुणाची? लोखंडाची? ह्या मान्यांची?" सरांनी माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाले, "तुटलेलं तोंड मला बघायला मिळालं न्हाई. ते न बघता मी दुसऱ्या कुणाकडं बोट दाखवणार न्हाई. सही माझी हाय. चूक माझी धरा." मालक म्हणाला, "बरं." नवा शाफ्ट दुसऱ्याच्या डिझाइननं झाला, वीस मिलीमीटर जाड. तो करायचं काम माझ्याकडंच आलं, आणि मी ते घेतलं.

का बोललो नाही? घाबरलो, हे खरं. दुसरं एक कारण मी स्वतःला देत होतो, तेही काही खोटं नव्हतं. आबांना कळलं असतं तर त्यांना वाटलं असतं, आपल्या देवानं सरांचं काम मोडलं. ते त्यांनी सहन केलं नसतं. मग म्हटलं, आबा आहेत तोवर गप्प बसू. आणि आबा ठणठणीत होते.

सरांचा रविवारचा वर्ग बंद झाला. लोक कमी झाले म्हणून नाही, लोक येतच होते. सरच व्हरांड्यात येईनात. कुणी ड्रॉइंग आणलं तर काकू दारातून सांगायच्या, बरं नाही. मी दोन वर्षांनी एक साधं काम घेऊन मुद्दाम गेलो, म्हटलं हात चालू होईल. सोपा शाफ्ट, साठ मिलीमीटरला सहज बसला असता. सरांनी बराच वेळ कागदाकडं बघितलं आणि म्हणाले, "पंच्याऐंशी घाला." मी म्हणालो, सर, पंच्याऐंशी? ते म्हणाले, "घाला की. काय जातंय." सही मागितली तर कागद माझ्याकडं सरकवला. "सही तुमीच करा."

निघताना काकू गेटापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "रोज सकाळी अंघोळ झाली की ती पाटणची वही काढून बसत्यात. पहिल्यापासून हिशेब करत्यात. कुठं चुकलं ते शोधत्यात. सापडत न्हाई." मला वाटलं, आता सांगावं. इथंच, गेटात. पण मी म्हणालो, "काकू, त्यांना जरा फिरायला घेऊन जात जा." काय माणूस आहे मी.

आबा गेल्या वर्षी गेले. दिवस-कार्य झालं, पाहुणे गेले, आणि मला गप्प बसायला काही कारण उरलं नाही. चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी सकाळी सांगली गाठली.

सर आतल्या खोलीत खुर्चीवर होते. खूप थकलेले. आबा गेल्याचं त्यांना कळलं होतं, मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. त्यानं आणखीच अवघड झालं. काकूंनी चहा आणून ठेवला. मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. फोन, गोणपाट, पंच, खांदा, अर्धवर्तुळं. वेलांटीचं टोक. काही मागं ठेवलं नाही. सांगताना मी रडलो. सर रडले नाहीत. डोळे मिटून ऐकत होते.

माझं संपल्यावर म्हणाले, "गोलाईत मारला?"

"हो सर."

"मग तिथनंच जाणार की." हे ते अगदी वर्गात बोलावं तसं बोलले. क्षणभर त्यांचा चेहरा मोकळा झालेला मी बघितला. आठ वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, झालं, सुटलो. मी त्यांच्या पायाशी वाकलो.

तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "माने, तुमाला हे कवा कळलं?"

"त्याच दिवशी, सर. तुम्ही यायच्या आधी."

"म्हणजे भंगारवाल्याकडं आपण दोघं शोधत हुतो, तवा तुमाला म्हाईत हुतं."

मी हो म्हणून मान हलवली.

सर उठले. हाताला धरायला मी पुढं झालो, तर हात बाजूला घेतला. जोरात नाही, नुसता घेतला. भिंतीला धरत धरत मागच्या दारानं परसात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. मला वाटलं, तोंड धुऊन येतील. मी बसून राहिलो. चहावर साय आली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, शेजारच्या घरातला रेडिओ लागला आणि बंद झाला. तासभर तरी गेला असेल. शेवटी काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा मला बघवेना. "ते आता आत यायचे न्हाईत," त्या म्हणाल्या. "तुमी जावा."

बाहेर पडून मी बोळातून मागच्या बाजूला गेलो. कंपाउंडची भिंत छातीएवढी होती. सर पाठमोरे उभे होते, हातात रबरी पाइप. एका लिंबाच्या झाडाला पाणी घालत होते. आळं केव्हाच भरून वाहत होतं. पाणी परसभर पसरलं होतं, त्यांच्या चपला बुडाल्या होत्या. मी हाक मारली, "सर." त्यांनी ऐकलं. खांदे जरा हलले. पण वळून बघितलं नाही. पाइप तसाच धरून राहिले. त्यानंतर मी पाच-सहा वेळा फोन केला, तो त्यांनी घेतला नाही, आणि पाच महिन्यांनी ते गेले.